भाग न जाणारी रांग

झरीच्या शिवारातली ती वस्तीशाळा बंद पडून अकरा वर्षं झाली होती, तरी तिच्या एका तुकडीच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा घ्यायचं व्हॉट्सॅपवर ठरलं. तुकडीत विद्यार्थी एकूण आठ. मेळावा म्हणायला आकडा जरा लहान होता. एवढी माणसं परभणीच्या एका ऑटोत बसतात आणि वर एखादी बकरीही मावते. पण बजरंगनं हौसेनं बॅनर छापला. त्यावर आठही जणांचे फोटो होते आणि सगळ्यांत मोठा बजरंगचाच होता.

धम्मदीप कृषी विद्यापीठात लिपिक होता. जिल्ह्यात कुठं किती मिलिमीटर पाऊस पडला ते तक्त्यात भरायचं, एवढंच त्याचं काम. त्यामुळं जे मोजता येत नाही त्याबद्दल मत बाळगायचं नाही, असा त्याचा स्वभाव झाला होता. अपवाद एकच, साक्षीचा. चौथीत तिची पाटी त्याच्या पाटीशेजारी असायची. तिच्याबद्दलचं मत तो एकवीस वर्षं बाळगून होता, आणि ते तिला सोडून साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. साक्षी आता सोनपेठला नर्स होती. वडिलांच्या आजारपणात तिचं लग्न राहून गेलं होतं आणि धम्मदीपचं धाडस गोळा करण्यात. आज मात्र विचारायचंच, असं ठरवून तो इस्त्रीचा शर्ट घालून मोटारसायकलवर आला होता. मे महिन्याच्या त्या उन्हात इस्त्री झरीपर्यंतही टिकली नाही.

शाळा म्हणजे पत्र्याची एक खोली आणि पुढं कडुलिंबाचं झाड. लिंब वाढला होता आणि खोली खचली होती, त्यामुळं दोघं आता सारख्या उंचीचे दिसत होते.

"धम्म्या! सरकारी माणूस आन् टायमावर?" व्यंकटी ओरडला. व्यंकटी जेसीबी चालवायचा. तो साधं बोलला तरी इंजिनावरून बोलल्यासारखं बोलायचा.

"सुट्टीच्या दिवशी येतो मी टायमावर," धम्मदीप म्हणाला.

पुण्यात पार्लर चालवणारी कोकिळा स्वतःच्या पांढऱ्या कारमधून आली होती आणि उतरल्यापासून थांबली नव्हती. कोणाचे केस कसे गळालेत, कोणाच्या चेहऱ्याला काय लावायला पाहिजे, ते ती फुकट सांगत होती. दत्ता, राजेश्री, नीलम हे तिघं शिऱ्याचं पातेलं उघडून बसले होते. साक्षी शेवटी आली. पाण्याचा जार तिनं एकटीनं उचलून ओट्यावर ठेवला आणि धम्मदीपकडं बघून म्हणाली, "तू हात लावायचा विचार करायलास का अजून?"

तो खरंच विचार करत होता.

मग सिताराम गुरुजी आले. पूर्वीसारखेच सायकलवर, पूर्वीसारखेच बारीक. सगळे पाया पडले. कॅरियरला बांधलेली पत्र्याची पेटी गुरुजींनी सोडली आणि तीतून आठ पाट्या काढल्या. कडेचं लाकूड काळं पडलेल्या, कोपरे फुटलेल्या त्याच त्या पाट्या.

"अगं बाई!" कोकिळा म्हणाली आणि तिचं पुढचं वाक्य आलंच नाही. पहिल्यांदाच.

त्या पाट्यांची गोष्ट अशी. जूनमध्ये शाळा आठ पोरांनी सुरू व्हायची. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी यायची आणि घरंच्या घरं पोराबाळांसकट ऊसतोडीला जायची, ती थेट गुढीपाडव्याला परत. सगळी एकदम जायची नाहीत. कोकिळाचं घर सगळ्यांत आधी, मग दत्ताचं, असं करत साक्षीचं सगळ्यांत शेवटी, डिसेंबरच्या अखेरीला. धम्मदीपचे वडील विद्यापीठात शिपाई होते, म्हणून त्याचं घर हलायचं नाही. जानेवारीत शाळेत गुरुजी आणि तो, दोघंच. गुरुजी तेव्हाही हजेरी घ्यायचे. तो 'हजर' म्हणून उभा राहायचा, खाली बसायचा, आणि मग दोघंही बराच वेळ लिंबाकडं बघत राहायचे.

गुरुजींना गणिताचं वेड होतं. पोरं जाताना बघून त्यांनी अशी एक संख्या शोधली की जिचा शेवटचा आकडा गळाला तरी उरलेली संख्या मूळच राहील. मूळ म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कुणाचा भाग जात नाही ती. पुन्हा शेवटचा गळाला तरी मूळ. पुन्हा गळाला तरी मूळ. खिचडीच्या जुन्या रजिस्टरच्या पाठकोऱ्या पानांवर हजारावर भागाकार करून, तीन उन्हाळे घालवून त्यांना ती सापडली: ७३९३९१३३. बरोबर आठ आकडे. हिच्यापुढं नववा कोणताही आकडा लावा, संख्या फुटते. ह्या जातीची हिच्याहून मोठी संख्या नाहीच. एका वर्षी पलीकडच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, राहणारा एक बाप नवव्या पोराचं नाव घालायला आला, तेव्हा गुरुजींनी एक दिवस मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी अतिशय पडलेल्या तोंडानं त्याला सांगितलं, "बसत न्हाई हो."

पोरांना त्यांनी गाडी यायच्या उलट क्रमानं बसवलं आणि प्रत्येकाला एकेक आकडा दिला. धम्मदीप सात, साक्षी तीन, व्यंकटी नऊ, बजरंग तीन, नीलम नऊ, राजेश्री एक, दत्ता तीन, कोकिळा तीन. मग खेळ. गुरुजी म्हणायचे, "गाडी आली." शेवटचं पोर पाटी घेऊन शाळेमागं जायचं. उरलेली पोरं उरलेली संख्या ओरडायची. गुरुजी विचारायचे, "जातो का भाग?" आणि पोरं छपराचा पत्रा वाजेल इतक्या मोठ्यानं म्हणायची, "न्हाई जात!" शेवटी सात एकटा उरला की मागं गेलेली सगळी कल्ला करत परत यायची.

"करायची का रांग?" गुरुजींनी विचारलं. "एकदा."

तिशीतली आठ माणसं चपला काढून लिंबाखाली रांगेत उभी राहिली. गुरुजींनी संख्या सांगितली, अगदी तेव्हाच्याच चालीवर: "सात कोटी, एकोणचाळीस लाख, एकोणचाळीस हजार, एकशे तेहतीस." ज्यानं त्यानं आपला आकडा पाटीवर लिहिला. व्यंकटीला पेन्सिल धरता येईना, म्हणून सगळे हसले.

"बज्या, चुकू नको रे," नीलम म्हणाली. बजरंगचा घोळ सगळ्यांना माहीत होता. त्याला दुसरं एकोणचाळीस हटकून एकोणपन्नास ऐकू यायचं आणि तो तीनच्या जागी चार काढायचा. मग खेळ त्याच्यापर्यंत आला की संख्या व्हायची सात हजार तीनशे चौऱ्याण्णव, आणि तिला दोननं भाग जायचा. भाग गेला की खेळ मोडला, गाडी माघारी, आणि सगळी पोरं लगेच परत. बजरंगच्या चुकीवर वर्गात टाळ्या पडायच्या.

"आता चुकत न्हाई म्हणलं," बजरंग म्हणाला. परभणीत त्याचे स्कॉलरशिपचे क्लासेस होते. "बोर्डावर फोटो हाय माझा."

"गाडी आली," गुरुजी म्हणाले.

कोकिळा खिदळली, पदर खोचला, "जाते गुरुजी" म्हणाली आणि पाटी छातीशी धरून शाळेमागं गेली.

"त्र्याहत्तर लाख त्र्याण्णव हजार नऊशे तेरा!" सगळे ओरडले.

"जातो का भाग?"

"न्हाई जात!"

लिंबावरचे पारवे उडाले. साक्षीचा खांदा धम्मदीपच्या खांद्याला लागत होता. जेवणाच्या आधी विचारावं की नंतर, एवढाच प्रश्न आता उरला होता.

"गाडी आली." दत्ता गेला. "गाडी आली." राजेश्री गेली.

तेव्हा धम्मदीपच्या ध्यानात आलं की शाळेमागून आवाज येत नाही. दत्ता आणि राजेश्री गप्प बसू शकत होते. कोकिळा बसू शकत नव्हती. ती झोपेतही बोलते अशी तिच्या नवऱ्याची तक्रार होती. मघापासून शाळेमागं तीन माणसं होती आणि तिथं नुसता वारा वाजत होता.

तो रांगेतून निघाला आणि कोपऱ्यावरून डोकावला.

मागं कोणीच नव्हतं. लपायला झाड नाही, बांध नाही. मे महिन्यातलं काळं रान, हात जाईल एवढ्या भेगा, थेट आभाळापर्यंत. दगडासारख्या त्या जमिनीत चाकांच्या दोन चाकोऱ्या उमटल्या होत्या. त्यानं वाकून बोट लावलं. चाकोऱ्या ओल्या होत्या. दिवाळीच्या सुमाराला असते तशी ती माती होती, गार, बोटाला चिकटणारी.

तो परत आला. "कोकिळा कुठंय?"

"उसाला गेली की," नीलम म्हणाली. ह्यात विचारण्यासारखं काय आहे, असा तिचा चेहरा होता.

"कोणत्या उसाला? पार्लर हाय तिचं! ती कार कुणाची उभी हाय मग?"

सगळ्यांनी कारकडं बघितलं. ग्रामपंचायतीचा हातपंप बघावा तसं बघितलं.

"गाडी आल्यावर थांबत असतेत का कुठं," व्यंकटी म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता.

"मे महिना हाय! कारखाने बंद हायेत!" धम्मदीपनं मोबाईल काढला. माहिती पडताळून पाहायची सवय होती त्याला. त्यानं कोकिळाला फोन लावला. दोनदा रिंग गेली आणि उचलला गेला. पलीकडं उसाच्या पाचटाची सळसळ होती. भरपूर, चहूकडून. आणि कोयत्याचे घाव, एकामागं एक.

"कोण बोलायलंय?" एका लहान पोरीचा आवाज आला. "आई तिकडं दूल हाय. फडात."

कोकिळाला चौथीपर्यंत 'र' म्हणता येत नव्हता.

त्यानं फोन बंद केला. विद्यापीठात एखाद्या गावाचा पाऊस शून्याऐवजी नऊशे मिलिमीटर आला की तो त्या आकड्याभोवती पेन्सिलीनं गोल करायचा आणि वर पाठवायचा. इथं वर पाठवायला कोणी नव्हतं.

"गुरुजी, खेळ बंद करा."

"मी कुठं काय करायलोय," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज अगदी मऊ होता. "गाडी माझी थोडीच हाय, बाबा. मी फक्त मोजतो. किती गेली तरी उरलेली फुटू नयेत, एवढंच बघितलं मी." मग त्यांनी रांगेकडं पाहिलं आणि नाइलाजानं म्हणाले, "गाडी आली."

नीलम गेली. जाताना तिनं ओट्यावरची आपली पर्स घेतली नाही. कोपऱ्यावर कापडाचं एक गाठोडं होतं, ते घेतलं. ते तिथं कधी आलं, ते धम्मदीपला कळलं नाही.

रांगेत आता चौघं होते आणि शेवटी बजरंग. बजरंगच्या पाटीवर तीन होता. सुबक, क्लासच्या फळ्यावर असतो तसा. धम्मदीपनं त्याचा दंड धरला.

"बज्या, चार लिही."

"कशाला?"

"एकोणपन्नास हजार म्हणले गुरुजी. एकोणपन्नास! चार लिही."

"एकोणचाळीस म्हणले. ऐकलंय मी."

"आरं, चूक ना एकदा! तू चुकलास की सगळी परत येतेत!"

बजरंगच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. पाटी पुसायला त्यानं थुंकीही लावली बोटाला. मग त्याचं बोट थांबलं.

"न्हाई रे," तो खिन्नपणे म्हणाला. "आता येतंय मला."

"सात हजार तीनशे त्र्याण्णव," गुरुजी म्हणाले. "जातो का भाग?"

"न्हाई जात," बजरंग, व्यंकटी आणि साक्षी म्हणाले.

धम्मदीप बोलला नाही. त्यानं काही फरक पडला नाही.

"गाडी आली."

ह्या वेळी त्याला ती ऐकू आली. लांबून, ट्रॅक्टरच्या इंजिनाचा आवाज आणि मागं रिकाम्या ट्रॉलीचा खडखडाट. बजरंग गेला. लगेच व्यंकटी गेला. एवढा दांडगा गडी, पण कोपऱ्यावर वळताना त्याची हाफ चड्डी दिसली, मागं ठिगळ लावलेली.

ऊन तसंच होतं. हवा मात्र गार झाली होती.

धम्मदीपनं पाटी खाली ठेवली. "मी खेळत न्हाई. चल साक्षी, निघू आपण."

"तुझी गाडी नसती, बाबा," गुरुजी म्हणाले. "तुझे वडील नोकरीला हायेत."

त्याचे वडील जाऊन सहा वर्षं झाली होती.

साक्षी जागची हलली नाही. तिनं तीनची पाटी दोन्ही हातांनी नीट धरली होती. कोपऱ्यापलीकडं ट्रॅक्टर येऊन थांबला होता आणि त्याचं इंजिन चालू होतं. कोणीतरी आतून हाळी दिली, बाईचा आवाज, लेकीला हाक मारावी तसा. साक्षीनं मान वळवली.

"साक्षी, माझ्याशी लग्न करतीस का?"

ती त्याच्याकडं बघायला लागली. गुरुजीही बघायला लागले.

"सात आन् तीन दहा!" धम्मदीप गुरुजींना म्हणाला. आपण काय बोलतोय ते त्याला कळत होतं, पण दुसरं काही हाताशी नव्हतं. "दोघं मिळून दहा होतेत, गुरुजी! दहाला भाग जातो! दोनचा जातो, पाचचा जातो!"

"बेरीज न्हाई विचारली मी," गुरुजी हळूच म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "त्र्याहत्तर. जातो का भाग?"

साक्षी हसली. एकवीस वर्षांत त्यानं तिचं इतकं मोकळं हसू पाहिलं नव्हतं.

"धम्म्या, लय उशीर केलास की रे," ती म्हणाली. "कालपर्यंत विचारायचं. नुस्तं हो म्हणायला बसले होते मी."

"मग म्हण ना."

"आता गाडी आली." तिनं हातातली पाटी बगलेत घेतली. "पाडव्याला आल्यावर सांगते."

"पाडवा होऊन गेला ह्या वर्षीचा."

"मग पुढच्या."

ती कोपऱ्यापर्यंत गेली. तिथं थांबून तिनं मागं पाहिलं, दरवर्षी पाहायची तसं. दोन वेण्या होत्या आणि लाल रिबिनी होत्या.

ट्रॅक्टर निघाला.

"सात," गुरुजी म्हणाले. त्यांनी भाग जातो का ते विचारलं नाही. हजेरीचं रजिस्टर उघडलं, चष्मा पुसला आणि त्याचं नाव पुकारलं.

धम्मदीप 'हजर' म्हणाला नाही. तो पळाला. ट्रॅक्टरचा आवाज अजून शिवारात होता, ट्रॉली भरलेली, चाल हळू. दहा मिनिटांत गाठता आली असती. लिंबाखाली त्याची मोटारसायकल उभी होती. त्यानं हँडल पकडलं, कसाबसा वर चढला आणि चावी फिरवली.

मग जमिनीला टेकवायला पाय खाली सोडले. ते टेकले नाहीत. टाकीच्या दोन्ही बाजूंना ते लोंबत राहिले, उघडे, गुडघ्यांना काळी माती लागलेले.